रुपाची पात

पहिल्याच दिवशी मला ओकारी आली. हॉलमध्ये नाही, मागच्या भांडी घासायच्या मोरीत आली, एवढी लाज देवानं राखली. आतून योगेंद्र ओरडत होता, काकू, श्वास घ्या, श्वास घ्या. अरे बाबा, घ्यायला श्वास उरला असता तर मी मोरीत कशाला आले असते?

हॉल म्हणजे साकोलीतल्या एका मंगल कार्यालयाची जेवणाची खोली. लग्न नसलं की सकाळी तिथे बायकांची बॅच चालायची. भिंतीला अजून फोडणीचा वास, कोपऱ्यात पत्रावळींचे गठ्ठे, आणि मधोमध आम्ही वीसेक बायका उड्या मारतोय. योगेंद्र आमचा मास्तर. पोलीस भरतीत मैदानावर पहिला यायचा आणि लेखी परीक्षेत राहायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यानं भरतीचा नाद सोडला आणि भरतीतली सगळी मेहनत आमच्या अंगावर काढायला घेतली. मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडलेला असायचा. टूं वाजलं की चाळीस सेकंद जीव जाईपर्यंत करायचं, पुन्हा टूं वाजलं की वीस सेकंदांत गेलेला जीव गोळा करायचा. तेवढ्यात पुन्हा टूं.

त्यात बर्पी नावाचा एक प्रकार आहे. उभं राहायचं, खाली बसायचं, पाय मागे फेकून पालथं पडायचं, उठायचं आणि वर उडी मारायची. पडून उठल्यावर माणूस अंग झाडतं, कुठे लागलं ते बघतं. इथे उठल्यावर टाळी वाजवून उडी मारायची. हे ज्यानं शोधून काढलं त्याचं कोणी घोडं मारलं होतं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मला पायऱ्या उतरता येईनात. संडासात बसायचं तर कडीला धरून बसावं लागलं. तरी तिसऱ्या दिवशी मी गेले, मुलाची जुनी ट्रॅकपँट घालून आणि वर लांब कुर्ता घालून. कारण घरी बसले असते तर काय केलं असतं?

मी मूळची एकोडीची, म्हणजे सासरची एकोडीची. जन्म धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात गेला. मालक गेले, आणि भुपेंद्रनं, माझ्या मुलानं, जमीन ठेक्यानं देऊन मला साकोलीत आणलं. हायवेच्या मागे नवीन लेआउटमध्ये घर बांधलं. नळ आहे, गॅस आहे, दवाखाना जवळ आहे, असं त्यानं एकेक बोट दुमडून मला सांगितलं, आणि मग तो पुण्याला नोकरीवर निघून गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण लेआउटमधल्या घरांची दारं बंद असतात. कुकरची शिट्टी सोडली तर माझ्या घरात दिवसभर आवाज नसे. भाजीवाला आला की मी मेथी घ्यायची नसली तरी मेथीचा भाव करायचे. तोही शहाणा झाला होता, माझ्या दारासमोरून गाडी जरा जोरात ढकलायचा.

शुगर निघाली तेव्हा डॉक्टरनं व्यायाम सांगितला. भुपेंद्रनं फोनवरच कुठूनसा योगेंद्रचा नंबर काढला आणि बॅचमध्ये माझं नाव घातलं. आई, व्यायाम होईल आणि चार बायका भेटतील, असं म्हणाला. मला शुगरची भीती नव्हती, खरं सांगते. मला त्या चार बायका हव्या होत्या.

भेटल्याही. पण वीस बायका एका खोलीत आहेत आणि बोलायला कोणाला दम नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, आम्ही दिवसभर चिखलात वाकलेल्या असायचो, पण तोंडाला उसंत नसायची. कोणाची सासू, कोणाचा जावई, कोणाच्या घरी काय शिजलं, सगळं बांधीतच निघायचं. इथे नुसता धापांचा आवाज. बॅच सुटली की सगळ्या रुमाल फिरवत स्कूटीवर बसून निघायच्या, कोणाला पोरांचा डबा, कोणाला ऑफिस. मी चपला घालून होईपर्यंत आवार रिकामं व्हायचं. मग मी चालत घरी. एक-दोनदा मी मुद्दाम चपला लवकर घातल्या, तर त्याही दिवशी रिकामं झालं.

महिन्याभरानं योगेंद्रनं शनिवारी जोडीचा व्यायाम सुरू केला. दोघींनी मिळून शंभर बर्पी काढायच्या. एकीनं थकेपर्यंत करायच्या, दुसरीनं मोजायच्या, मग बदली. कोणी किती केल्या याला बंधन नाही, दोघींच्या मिळून शंभर भरल्या की झालं. जोड्या लावताना सगळ्या आपापल्या ओळखीच्या बाईकडे सरकल्या. उरलो दोघी, मी आणि रुपा.

रुपा तिशीतली. अंगानं भरलेली, बोलणं कमी, नेहमी मागच्या खिडकीजवळ उभी राहायची. नवरा हायवेच्या कामावर सुपरवायझर, म्हणून दोघं नुकतीच साकोलीत भाड्यानं आली होती. माहेर-सासर दोन्ही लाखांदूरकडचं, म्हणजे आमच्यासारखंच धानातलं. एवढं कळल्यावर मला कोण आनंद झाला. रोवणी करणारी बाई म्हणजे घरचीच.

टूं वाजलं. रुपानं आठ-दहा केल्या आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. गुडघ्यावर हात ठेवून ती उभी राहिली, पुन्हा खाली गेली, तिथून उठेचना. मला राहवलं नाही. मी तिला बाजूला केलं आणि सुरू झाले. आता मीही काही पहिलवान नव्हे, पण वाकायची आणि उठायची सवय कमरेला जन्माची आहे, आणि महिन्याभरात मोरी गाठायची वेळ येणंही थांबलं होतं. तिच्या वाट्याच्या मीच काढल्या. ती मोजत होती, आवाज बारीक होत गेला. मला वाटलं, थकली असेल.

आमच्याकडे ही साधी गोष्ट आहे. रोवणीला दहा बायका ओळीनं उभ्या राहतात, प्रत्येकीची आपली पात. रोवत रोवत मागे मागे जायचं. एखादीची पात रेंगाळली, तिचं अंग बरं नसलं, पोटुशी असली, तर शेजारीण काही न बोलता तिची अर्धी पात आपल्या हाताखाली घेते. न घेणारीला गावात नाव ठेवतात. मी नव्यानं सून होऊन आले तेव्हा केशरबाईनं, माझ्या सासूच्या मैत्रिणीनं, आठवडाभर माझी पात ओढून नेली होती. तिनं मला तेव्हा आपलंसं केलं, असं मी अजून मानते.

त्या शनिवारी बॅच सुटल्यावर रुपा लगेच गेली नाही. आम्ही दोघी पायरीवर बसलो. मी बोलले, बोलले, बोलले. केशरबाईचं सांगितलं, मालकांचं सांगितलं, भाजीवाल्याचं सांगितलं तेव्हा ती हसलीही. तिनं स्वतःचं फारसं काही सांगितलं नाही, आणि मी विचारायला जागाच ठेवली नाही. घरी आल्यावर मी दोघींपुरता चहा टाकला आणि मग लक्षात आलं की घरात मी एकटीच आहे. त्या चहाचं मला वाईट वाटलं नाही. दोन्ही कप मीच प्यायले.

पुढचे शनिवार मी वाट बघून काढले. दर शनिवारी रुपाच्या निम्म्या बर्पी माझ्या. मग तर ती सुरू करायच्या आधीच मी म्हणायचे, तू दम घे. ती थांबायची. पायरीवर बसायची, पण दर वेळी थोडी कमी. मला वाटायचं, घरी काम असेल.

मग तो शनिवार आला. आमची जोडी सगळ्यांत आधी शंभरवर पोचली. योगेंद्रनं स्पीकर बंद केला आणि सगळ्यांना सांगितलं की निर्मलाकाकूंकडून शिका, या वयात जोडीदाराच्याही बर्पी स्वतःच मारतात, टाळ्या वाजवा. टाळ्या वाजल्या. आता माणसानं गप्प बसावं की नाही? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी सगळ्यांसमोर पातीची गोष्ट सांगितली. आमच्याकडे कशी मागे राहिलेलीची पात दुसरी ओढून नेते, अंगानं अधू असो की दमलेली असो, कशी तिला एकटं टाकत नाही. सगळ्या भारावल्या. शुभांगी नावाची एक मास्तरीण आहे बॅचमध्ये, पुढे पुढे करणारी. तिच्या तर डोळ्यांत पाणी आलं. ती रुपाजवळ गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रुपा, आजपासून तू एकटी नाहीस बरं. तू बस, आम्ही सगळ्या आहोत."

रुपा बसली. खरंच खाली बसली, पत्रावळींच्या गठ्ठ्याजवळ, आणि बॅच संपेपर्यंत उठली नाही. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा.

सोमवारपासून ती यायची बंद झाली. फोन लावला तर घंटी वाजून वाजून बंद व्हायची. मी शुभांगीला विचारलं, योगेंद्रला विचारलं, कोणाला माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी माझी जोडी योगेंद्रशी लागली. तो पोरगा बिचारा प्रेमानं मोजायचा, पण मध्येच मोबाइल बघायचा. पायरीवर मी एकटीच बसून आले. आठवडाभर मी स्वतःशीच भांडत होते, की असं काय केलं मी, उलट भलंच केलं. शेवटी एका दुपारी तिचं घर विचारत विचारत गेले.

तिनं दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. घर लहान आणि नको इतकं आवरलेलं. मी म्हटलं की बाई, तब्येत बरी नाही का, काहून येत नाहीस. मग तिनं जे सांगितलं ते अगदी सरळ आवाजात सांगितलं, जसं काही दुसरीचं सांगत होती.

तिची दोन मुलं पोटातच गेली. एक सातव्या महिन्यात, दुसरं त्याच्यानंतर वर्षानं. पहिल्या वेळी रोवणीचे दिवस होते, बायकांनी तिची पात काढली. ते बरं वाटलं, ती म्हणाली. दुसऱ्या वर्षीही काढली. तिसऱ्या वर्षी ती धडधाकट होती, चिखलात उतरली, तर सगळ्या म्हणाल्या, तू बस.

"आधी दयेनं म्हणत, काकू. मंग सवयीनं. मंग कोणाले आठवतच नाही का मीबी रोवणारी होती," रुपा म्हणाली. "मी चार वर्सं बांधीच्या धुऱ्यावर बसून पाहिलं. इथं मले कोणी ओळखत नोहतं. म्हणून त्या बॅचमंधी आली होती. पडीन, उठीन, पण माह्या हातानं शंभर करीन म्हटलं."

मला सुचलं ते वाकडंच. "मले वाटलं, तुले बरं वाटन," मी म्हटलं.

"तुमाले बरं वाटत होतं, काकू."

ती रागानं म्हणाली असती तर मी उलटून बोलले असते. भांडायला मी कमी नाही. पण तिनं ते नुसतं सांगितलं, आणि ते खरं होतं. मला तिची दया आली नव्हती. माझ्या हाताला कोणाचं तरी काम हवं होतं. भुपेंद्रचा डबा नाही, मालकांचा चहा नाही, बैलाचं चारापाणी नाही, आणि समोर एक बाई धापा टाकत होती. मी तिच्यावर अशी पडले जशी उपाशी माणसं पंगतीवर पडतात. केशरबाईनं माझी पात ओढली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि खरंच मागे राहिले होते. रुपा मागे नव्हती. ती तिच्या चालीनं चालली होती.

निघताना तिनं दोन गोष्टी सांगितल्या. "मी येईन बॅचले. पण तुमच्यासंग नाही. आन हे कोणाले सांगजा नोका."

मी मान हलवली. रस्त्यावर आल्यावर मला रडू आलं, आणि ते तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही.

ती आली. पुन्हा मागच्या खिडकीजवळ उभी राहू लागली. शनिवारी तिनं एका नव्या मुलीशी जोडी धरली, जिला स्वतःच्याच दहा होत नव्हत्या. माझ्याकडे ती बघायची नाही, आणि बघितलं तर ओळख असल्यासारखी मान हलवायची, बस. बॅचमधल्या बायकांना वाटलं आमचं काहीतरी बिनसलं. कोणी कोणी मला खोदून विचारलं. मी म्हटलं, काही नाही. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे मी गिळून बसले. पायरीवरचं बोलणं गेलं ते गेलंच. सकाळी व्यायाम, मग चालत घरी, मग कुकरची शिट्टी. अंगानं मी हलकी झाले होते, शुगर उतरली होती, डॉक्टर खूश होता. घर मात्र आधी होतं त्याहून मोठं वाटायचं, कारण आता मला माहीत होतं की दुसरा कप कोणाचा असता.

लग्नाच्या तारखा लागल्या म्हणून हॉल महिनाभर मिळणार नव्हता. त्याआधीच्या शनिवारी योगेंद्रनं मोठी परीक्षा ठेवली. जोडी नाही, ज्याचं त्यानं करायचं. सिमेंटच्या रिकाम्या थैल्यांत रेती भरून त्यानं ओझी केली होती. थैली खांद्यावर घेऊन हॉलला चक्कर, थैली खाली ठेवून बर्पी, पुन्हा चक्कर. असं शंभर बर्पी भरेपर्यंत. योगेंद्रच्या बॅचची एक रीत होती, ज्यांचं आधी संपलं त्यांनी शेवटच्या बाईभोवती जमायचं, टाळ्या वाजवायच्या, तिच्यासोबत उड्या मारायच्या. कोणी एकटं संपवायचं नाही.

शुभांगीचं संपलं, एकेकीचं संपलं, माझंही संपलं. रुपा राहिली. तिची थैली खांद्यावरून घसरत होती, केस तोंडावर चिकटले होते, पण ती थांबली नव्हती. चक्कर मारायची, खाली पडायची, तिथे जरा राहायची, उठायची. उठल्यावर उडी अशी नसायचीच, नुसत्या टाचा उचलल्या जायच्या. पण उचलायची. योगेंद्रनं आवाज दिला, चला सगळ्या, ताईंना साथ द्या. सगळ्या धावल्या.

माझे पायही दोन पावलं पुढे गेले. हातसुद्धा पुढे झाले होते. मी ते मागे घेतले आणि दाराजवळ जाऊन उभी राहिले.

"काकू, या ना," योगेंद्र म्हणाला. "तुमची जोडीदार आहे."

"मी नाही येत," मी म्हटलं.

हॉलमध्ये क्षणभर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शुभांगी शेजारणीच्या कानाशी लागली, पण तिचा आवाज शाळेतला, मला ऐकू आलंच, की एवढं वय झालं तरी रुसवा जात नाही. मी ऐकून घेतलं. खुलासा करायचा तर रुपाचं सगळं सांगावं लागलं असतं. वीस बायकांत मी तेवढी वाईट ठरले, आणि त्या वाईटपणाला माझ्याकडे उत्तर होतं पण ते माझं नव्हतं. इतकं एकटं मला मालक गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

तिकडे शुभांगीनं रुपाच्या थैलीला हात घातला. रुपा म्हणाली, सोडा ताई. शुभांगीला ऐकू गेलं नसावं. रुपानं मग तिचा हात धरून बाजूला केला, थैली स्वतःच उचलली आणि निघाली. बायका टाळ्या वाजवत तिच्या मागे. मी दारातून मनातल्या मनात मोजत होते. शेवटच्या चार-पाच तिनं कशा काढल्या, मला बघवत नव्हतं आणि मी बघत होते. शंभर झाल्यावर ती पालथीच राहिली. मग उठून बसली. सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या, योगेंद्रनं मोबाइल स्टँडवर लावला आणि फोटोसाठी हाका सुरू झाल्या. मी वाकून चपला घालत होते. मला कोणी हाक मारली नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं? मी घरी आले.

दुपारी भुपेंद्रचा फोन आला. बॅचच्या ग्रुपवरचा फोटो मीच त्याला पाठवला होता, कारण पाठवायला दुसरं काही नव्हतं. तो म्हणाला, आई, सगळ्या आहेत, तू कोठी दिसत नाहीस. मी म्हटलं, मी लवकर निघाली. मग तो हसला.

"आन हे मधातली बाई कोण आहे? सगळ्या कॅमेऱ्यात पाहून राहिल्या, हे एकटीच तिकडं पाहून राहिली."

मी फोन कानावरून काढला, फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. रुपा होती. घामानं निथळलेली, शुभांगीचा हात गळ्यात, आणि मान पूर्ण वळवून दाराकडे बघत होती. दार फोटोत आलं नव्हतं.

"काय पाहून राहिली असन ते?" भुपेंद्रनं पुन्हा विचारलं.

"कोणी जाऊन राहिलं असन," मी म्हटलं.